पत्र्यावर दोन थापा

माझा मुलगा पुण्याला असतो. त्याला माझी काळजी वाटते आणि ती काळजी तो रोज सकाळी मोबाइलवर पाठवतो. कोट घातलेला एक माणूस स्टेजवर इकडून तिकडे फिरत असतो आणि टिकाऊ यश मिळवणाऱ्या माणसांच्या अंगी कोणकोणते गुण असतात ते हातवारे करून सांगत असतो. ध्येय ठरवा, पहाटे उठा, भीतीला हरवा. लग्न झाल्यापासून मी पहाटेच उठतेय, पण मला अजून कुणी स्टेजवर बोलावलेलं नाही. तरी मी ते शेवटपर्यंत बघते, कारण न बघता तसंच ठेवलं तर पोराला कळतं म्हणे. बघताना दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर माझी धाकटी जाऊ येते. हा माणूस सांगतो त्यातलं तिच्यात काय आहे, ते मी शोधत बसते आणि मला काही सापडत नाही. भीतीला हरवा म्हणतो, पण ही बाई पालीला भिते. न्हाणीघरात पाल दिसली तर मला हाक मारते. आणि हीच बाई आमच्या घाटात गेली कित्येक वर्षं वडाप चालवते.

वडाप म्हणजे सीटवर माणसं घेऊन गावोगाव फिरणारी जीप. आमचं गाव कोयनानगरच्या वरच्या अंगाला डोंगरात आहे. खाली जायचं तर वळणावळणाचा घाटरस्ता, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. जीप माझ्या दिराची. तोच चालवायचा. त्याच्या मणक्यात काहीतरी झालं आणि कराडच्या डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. मग भाड्याचा ड्रायव्हर ठेवला. त्यानं जीपचे असे काही हाल केले की दीर ओसरीत बसून नुसता आवाज ऐकूनच कळवळायचा. शेवटी चिपळूणचं एक गिऱ्हाईक जीप बघायला आलं. त्यानं टायरला लाथा मारून बघितल्या, बॉनेट उघडून बघितलं. मी चहा ठेवत होते. जाऊ दारामागं उभी होती. तिथूनच म्हणाली, "इकू नगा. मी चालवते."

मला आधी वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. दिराला वाटलं ती चेष्टा करतेय. फक्त आमच्या सासऱ्यांनी, मामंजींनी, मान वर करून दाराकडे बघितलं.

मामंजींनी सगळी नोकरी धरणाच्या कॉलनीतली बस चालवण्यात घालवली होती. बोलणं कमी. जे काही बोलायचं ते गाडीच्या भाषेत. जेवताना भाकरी पुरे झाली की ताटावर बोटानं एकदा टकटक करायचे आणि आणखी हवी असेल तर दोनदा. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. आम्ही दोघी सुना या भाषेत इतक्या तयार झालो होतो की त्यांना काही मागावं लागायचं नाही. आणि मागणारही कसे? आमच्या घरात सून सासऱ्यासमोर बसत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि तोंड वर करून बोलत नाही. सासराही सुनेशी सरळ बोलत नाही, फार तर थोरलीला हाक मारून निरोप देतो. "थोरले, धाकटीला म्हनावं पानी दे," असं ते म्हणणार. धाकटी तिथंच हातभर अंतरावर उभी असणार. तरी मी ते तिला पुन्हा सांगेपर्यंत ती हलणार नाही. मी सांगलीकडच्या सपाट रानातली, आमच्यात एवढं सोवळं नव्हतं. पहिली काही वर्षं मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा. नंतर सवय झाली.

गाडी शिकवायला आधी दीर बसला. ते एका दिवसातच आटोपलं. ती क्लच सोडायची, जीप उडी मारून बंद पडायची आणि हा मणका धरून ओरडायचा. गावाच्या वेशीजवळ ती खाली उतरली, दार हळूच लावलं आणि चालत घरी आली. रडली नाही, आत येऊन भाकऱ्या थापायला बसली. संध्याकाळी मामंजी मला म्हणाले, "थोरले, धाकटीला म्हनावं, उद्या दुपारी जीप काढ. मी येतो."

आता पंचाईत अशी झाली की शिकवणाऱ्यानं शेजारी बसायला हवं. सासरा सुनेशेजारी, एका सीटवर, सगळ्या गावासमोरून! त्यांच्यानंही होईना आणि तिच्यानंही होईना. मग त्यांनीच तोड काढली. ते मागं, दाराशी, बाकावर बसले. पुढं तिच्याशेजारी मला बसवलं. आणि आमची गाडीची शाळा सुरू झाली. मागून ते वरच्या पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारत, म्हणजे चल. एक थाप, म्हणजे थांब. रिव्हर्स घेताना ट्रकचे क्लीनर मारतात तशा एकसारख्या हलक्या थापा, म्हणजे येऊ दे, येऊ दे. आणि थापेत मावणार नाही ते माझ्यामार्फत.

"थोरले, तिला म्हनावं क्लच सावकास सोड."

"सावकाश सोड म्हणतात."

"आयकलं," ती म्हणायची आणि जीप उडी मारून बंद पडायची.

"तिला म्हनावं, घाटात चढनाऱ्या गाडीला वाट द्याची. उतरनाऱ्यानं थांबायचं."

"चढणाऱ्याला वाट द्यायची म्हणतात."

"तिला म्हनावं, ज्या गेरात चढलीस त्याच गेरात उतरायचं. उतार हाय म्हनून गाडी मोकळी सोडायची न्हाई."

हे सगळं मी देवळातल्या पुजाऱ्यासारखी इकडून तिकडे पोचवत होते. एकदा एका वळणावर माझा जीव इतका घाबरा झाला की ते काय म्हणाले ते मी विसरले आणि डोळे मिटून नुसती "थांब, थांब!" म्हणून ओरडले. मागून दोन थापा. चल. तिनं माझं ऐकलं नाही, थापांचं ऐकलं. तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवायला शिकले. म्हणजे थोडंसं शिक्षण माझंही झालं.

गावाला मात्र करमणूक झाली. आमच्या भागात जमीन अधूनमधून हलते. भांडी वाजतात, कौलं सरकतात, माणसं जरा वेळ अंगणात उभी राहतात आणि मग पुन्हा कामाला लागतात. त्यामुळं धक्क्याचा विनोद आमच्याइतका कुणाला जमत नाही. जीप हिसका देत पाराजवळून गेली की कुणीतरी ओरडायचं, "आज किती रिश्टर, वैनी?" यात सगळ्यात पुढं होता गावातला दूधवाला. रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन खाली डेअरीला जाणारा, जीभ हातभर लांब. जमीन खरंच हलली की लोक घरातनं बाहेर यायचे आणि हा म्हणायचा, "जावा आत, भ्या नगा. वैनीनं पयला गेर टाकला आसंल."

मला असा संताप यायचा. मी तिला म्हणायचे, "तू त्याला एकदा सणसणीत बोल. नाहीतर मी बोलते." ती हसायची. खोटं नाही, खरंच हसायची. म्हणायची, "आवं आक्का, हिसका बसतोय ते खरंच हाय की. बसायचा बंद झाल्यावर कशाला हासतील?" मला हे पटायचं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. मला कुणी हसलं तर मी आठवडाभर जेवत नाही. पण ती हसण्यातून आपल्या कामाचं तेवढं उचलायची आणि बाकीचं तिथंच सोडून द्यायची. हिसका बसतो, एवढं उचललं. दुपारी पुन्हा क्लच.

लायसन आलं. दिरानं तोंड वाकडं करून अट घातली. शिमग्यापर्यंत बघायचं. माणसं बसली तर ठीक, नाहीतर शिमगा झाला की जीप चिपळूणवाल्याला देऊन टाकायची. तो तिचा वैरी नव्हता, हे सांगायला हवं. त्याला त्याच्या मणक्याची लाज वाटत होती. आपली जागा बायको घेतेय, तीही गावाच्या हसण्यात, हे त्याला बघवत नव्हतं. मला दोघांचंही वाईट वाटायचं आणि दोघांचाही राग यायचा.

माणसं बसली नाहीत. सकाळी ती जीप पाराजवळ लावायची. बायका यायच्या, गोड बोलायच्या. "तू हो म्होरं, माझं जरा काम ऱ्हायलंय." आणि ती गेली की मागून येणाऱ्या दुसऱ्या जीपमध्ये बसायच्या. त्या जीपला वेळ असा नव्हता. माणसं दारातून बाहेर लोंबायला लागली की सुटायची. आमची जीप मात्र ठरल्या वेळेला सुटायची, रिकामी. मागं एकटे मामंजी. दोन थापा आणि चल. दीर ओरडायचा की हे डिझेल दरीत ओतणं आहे. मामंजींनी मला सांगितलं, "थोरले, दोघांनाबी सांग. गाडी मानसांसाठी सुटत न्हाई, येळेसाठी सुटती. येळ पाळली की मानसं आपसूक येत्यात." दिराला पटलं नाही. मलाही ते जुन्या नोकरदाराचं खूळच वाटलं. पण जावेनं ते धरून ठेवलं. रिकामी खाली जायची, रिकामी वर यायची. काचा पुसायची, सीट झटकायची, जशी काही वरात बसणार आहे. रात्री भांडी घासताना एकदाच म्हणाली, "आक्का, शिमगा जवळ आला." मी म्हटलं, "हो."

पहिला प्रवासी मिळाला तो कोण, तर दूधवाला! प्रेमानं नव्हे, गरजेनं. त्या दुसऱ्या जीपची वाट बघत उन्हात कॅन तापायचे आणि डेअरीतून त्याचं दूध परत यायचं. एक दिवस तो कॅन उचलून आमच्या जीपमध्ये चढला. चढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चला, दुधाचं काय का हुईना, खाली जाऊस्तवर लोनी तरी निगंल." खाली गेल्यावर तिनं विचारलं, "निघालं का लोनी?" तो म्हणाला, "न्हाई वैनी, उद्या बघू." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. दूधवाला रोज जिवंत परत येतोय हे दिसल्यावर शाळेच्या मुली बसायला लागल्या. मग दवाखान्याच्या आशाताई, मग बाजाराच्या बायका. तरी जीप कधी भरत नव्हती. दीर शिमग्याकडे डोळे लावून बसला होता.

शिमग्याच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी जीप पहिल्यांदा भरली. सगळ्यांना सणाचं सामान घेऊन घर गाठायचं होतं आणि दुसरी जीप बिघडली होती. मी होते, मामंजी मागं दाराशी होते, दूधवाला रिकामे कॅन पायांत घेऊन बसला होता. आणि दीरही होता, डॉक्टरला दाखवून परत येत होता. आम्ही घाट चढत होतो. सगळ्यात अरुंद वळणावर समोरून ट्रक आला, वरच्या खाणीतला दगड भरलेला. नियमानं त्यानं वरच्या रुंद जागेतच थांबायला हवं होतं. तो थांबला नव्हता. आता दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. ट्रकवाल्यानं स्टिअरिंगवर बाई बघितली आणि हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. हातानं खूण करत होता, मागं जा, मागं जा.

आमची माणसं पेटली. दोघंतिघं उतरून भांडायला निघाले. बायका आपापली पिशवी छातीशी धरून बसल्या. आणि दीर मागून ओरडला, "ऊठ तितनं! मी घेतो म्हागारी."

एवढं बोलून तो उठायला लागला, कमरेला हात लावून. मी जावेकडे बघितलं. ती उठली तर तिथंच सगळं संपलं होतं. शिमग्याची वाट बघायची गरजच उरली नसती. उद्या गावात एकच गोष्ट झाली असती, अडचणीची जागा आली आणि बाईला उठावं लागलं. हे मला कळत होतं, जीपमधल्या सगळ्यांना कळत होतं. आणि खोटं कशाला बोलू, माझं मन म्हणत होतं, ऊठ बाई, जीव वाचव.

ती वळून दिराला म्हणाली, "तुमी उतरा. सगळीच उतरा, समान घिऊन. हलक्या गाडीला जरा बरं पडंल." आवाज चढवला नाही. जेवायला बसा म्हणावं तशी म्हणाली. मग मला म्हणाली, "आक्का, मामंजींना सांगा, म्हागं उभं ऱ्हावा."

मी सांगायला वळले तर ते आधीच उतरून जीपच्या मागं उभे होते.

सगळे कड्याच्या बाजूला उभे राहिले. हॉर्न चालूच होता. माझ्या कानठळ्या बसल्या, पण तिच्या तोंडावरची रेघ हलत नव्हती. नंतर मी तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, तिच्या माहेरी, माण तालुक्यात, ती लहानपणी मेंढरं घेऊन रस्त्यानं जायची. "ट्रकवाली हॉर्न मारायची, शिव्या द्याची. मेंढरू काय हॉर्ननं पळतंय व्हय? ते त्याच्या गतीनंच कडंला जातंय. तवापासनं मला हॉर्न आयकूच येत न्हाई."

मामंजींनी मागच्या पत्र्यावर थापा सुरू केल्या. येऊ दे, येऊ दे. जीप हळूहळू मागं सरकायला लागली. वळणाशी मागचं चाक दरीकडे गेलं आणि एक थाप पडली. जीप तिथंच उभी राहिली. ती पुढं आली, चाक वळवलं, पुन्हा मागं गेली. पुन्हा एक थाप. पुन्हा पुढं. हॉर्नवाल्याला काय वाटतंय, नवऱ्याला काय वाटतंय, आपल्याला कितीदा पुढंमागं करावं लागतंय, याची तिला लाज नव्हती. मी असते तर एकाच दमात जमवून दाखवायला गेले असते आणि दरीत गेले असते. शेवटी जीप खालच्या रुंद जागेत कड्याला लागली आणि मामंजींनी पत्र्यावर पूर्ण हात ठेवला. तो थाप मारण्यासाठी नव्हता. नुसता ठेवला.

ट्रक गेला. आमच्या माणसांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चढणाऱ्याला वाट द्यायची सोडून दादागिरी करतो! जाऊ म्हणाली, "त्येच्या ब्रेकचा वास येत हुता. भरल्याली गाडी उतारात उभी कशीतरी केलीती त्यानं. मागं कुटनं जानार त्यो?" तो वास तर आम्हा सगळ्यांनाच आला होता. आम्ही आपला हक्क धरून बसलो होतो आणि तिनं तेवढ्यात वासाचा अर्थ लावला होता. दीर सामान उचलून मागं जाऊन बसला. दूधवाला चढता चढता म्हणाला, "वैनी, आज शून्य रिश्टर." जीप हसली. मामंजींनी दोन थापा मारल्या.

शिमगा झाल्यावर चिपळूणवाल्याचा फोन आला. दीर बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "न्हाई हो, गाडी धंद्याला लागलीया." आणि फोन ठेवून उगाच अंगण झाडायला लागला. त्याला अंगण झाडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

आता खरं तर इथं गोष्ट संपायला हवी. कोट घातलेला माणूस इथंच संपवतो. पण मला त्याला विचारायचं असतं की बाबा, यानंतर काय? जीप भरायला लागल्यावर माणूस बदलतो, ते सांग की. दुसऱ्या जीपवाल्याची जीप भरायची तेव्हा तो कुणाला जुमानायचा नाही. त्याची जीप आज परसात गंजतेय. आमची जाऊ, जीप भरायला लागल्यावरही, त्याच वेळेला सुटायची. दारात लोंबकळायला चार माणसं तयार असली तरी घ्यायची नाही. काचा पुसायची. दर वळणावर तेवढीच घाबरायची. ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये ती उतरत होती, उतार असला तरी. मामंजी हे तिला कितीदा माझ्यामार्फत म्हणाले होते, पण सांगणारी मी असून मला ते इतक्या वर्षांनी कळलं.

महिला दिनाला तिचा सत्कार झाला. तालुक्याला मोठा मांडव होता. शाल, नारळ झाल्यावर निवेदिका माइक पुढं करून म्हणाली, तुमच्या यशाचं रहस्य काय? जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? मग ती म्हणाली, "येळ झाली. परतीची गाडी सुटायची हाय." लोकांना वाटलं हेच उत्तर. टाळ्या वाजल्या. ती खरंच उठून निघाली, जेवायलासुद्धा थांबली नाही. मी थांबले. शिरा छान होता.

मामंजी थकले. जीपमध्ये बसून घाट उतरणं त्यांना झेपेना. पण सकाळी ते काठी टेकत पाराशी यायचे. जीप भरलेली, इंजिन चालू. मागच्या पत्र्यावर दोन थापा पडल्याशिवाय ती गिअर टाकायची नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण लोकांनाही ते पाठ झालं होतं. मधे जीपची बॉडी नवी करून घेतली, पत्रा नवा बसवला. तरी मामंजी जुन्याच जागी थाप मारायचे.

मग त्यांच्या हृदयाचं निघालं. मिरजेला ऑपरेशन करायचं ठरलं. तिनं जीप काढली. मागच्या बाकावर हादरे बसतील, पुढंच बसवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळं इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामंजी तिच्याशेजारी बसले आणि मी माझ्या नवऱ्याबरोबर आणि दिराबरोबर मागं. तिनं पदर नीट केला. ते खिडकीला चिकटून बसले. दोघंही नव्या नवरानवरीसारखे अवघडून गेले होते, आणि मला हसूही येईना आणि रडूही येईना. घाट उतरला, कराड गेलं, सपाट रान सुरू झालं. माझं माहेर आलं म्हणून मी ऊस बघत होते. एवढ्यात मामंजी म्हणाले, "थोरले, तिला म्हनावं..." आणि थांबले. मी मागं होते. मधे सामान होतं, माझ्यामार्फत निरोप जाईपर्यंत उशीर झाला असता. त्यांनी घसा साफ केला. मग समोर रस्त्याकडे बघत, सरळ तिलाच म्हणाले, "म्होरं खड्डा हाय."

"दिसला, मामंजी," ती म्हणाली.

मिरजेपर्यंत एकाही खड्ड्यात तिनं चाक जाऊ दिलं नाही.

दोन्ही मुलगे त्यांच्याजवळ थांबले. आम्ही दोघी परत आलो. तिला थांबायचं होतं, पण मामंजींनीच हातानं खूण केली. सकाळची गाडी होती. शाळेची परीक्षा चालू होती, पोरी अडकल्या असत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे त्यांना ऑपरेशनला आत नेणार होते आणि इकडे जीप पाराशी उभी होती. भरलेली, इंजिन चालू. मी पुढं तिच्याशेजारी बसले होते. वेळ झाली. तिनं क्लच दाबला, हात गिअरवर ठेवला आणि तशीच बसून राहिली. आरशात मागचा पत्रा दिसत होता. तिथं कुणी नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं, तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा बघत होते. आयुष्यभर निरोप पोचवले, आणि आज पोचवायला निरोपच नव्हता.

वेळ टळून गेली होती. जी गाडी रिकामी असतानाही कधी टळली नव्हती, ती आज भरलेली उभी होती, आणि परीक्षेला जाणाऱ्या पोरीसुद्धा घड्याळ बघत नव्हत्या. सगळे तिच्याबरोबर थांबले होते.

मग मागं कॅन सरकल्याचा आवाज झाला. दूधवाला खाली उतरला. जीपला वळसा घालून मामंजी जिथं उभे राहायचे तिथं जाऊन उभा राहिला. टोपी काढली, काखेत धरली. आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"चला, वैनी," तो म्हणाला.

तो पुन्हा चढेपर्यंत ती थांबली. पदरानं तोंड पुसलं आणि गिअर टाकला. जीप हिसका न देता निघाली. मी मात्र पहिल्या वळणापर्यंत ढसाढसा रडले आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. दोन दिवसांनी नवऱ्यानं फोन मामंजींच्या कानाला लावला. आवाज खोल गेला होता. मी तब्येत विचारली, जेवण विचारलं. ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. गाडी सुटती का येळेवर?"

"सुटते की, मामंजी."

"थाप कोन मारतंय?"

मी दूधवाल्याचं नाव सांगितलं. जाऊ माझ्याजवळ उभी होती, कान फोनकडे लावून.

"थोरले," ते म्हणाले, "त्येचा हात लय जड हाय. त्येला म्हनावं, हळू मार. पत्रा नवा हाय."